१९७६ची पद्मिनी डावीकडे झुकते : कॉइलवर ठोकळे घालू का?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

घरी १९७६ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी सातपूरला नोकरीत असताना सेकंड हँड घेतलेली. इंजिनाचं काम दोन वर्षांपूर्वी झालंय, त्याची तक्रार नाही. दुखणं खालचं आहे. गाडी डावीकडे झुकून उभी राहते, म्हातारा माणूस एका काठीवर भार टाकून उभा राहतो तशी. चौघं बसले की गंगापूर रोडच्या गतिरोधकांवर पोट घासतं. त्यात सिंहस्थाची कामं चालू असल्यामुळे निम्मे रस्ते एका बाजूला उंच, एका बाजूला खोल.

माझा बेत असा: पुढच्या दोन्ही कॉइलवर (वेटोळ्याच्या स्प्रिंगवर) २० मिमीचे अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे (अंबडला लेथवर करून घेतलेत, तयार आहेत), आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्यांना) बाहेरून मागवलेले लाल पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश, म्हणजे सांध्यातले लवचीक तुकडे, चारही गॅसचे शॉकअप, आणि मागे एकेक जादा पाटा (मागच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी). सगळं मिळून तीसेक हजार होतील. नवरात्रात आईला वणीला न्यायचंय, त्याआधी काम उरकायचंय.

कुणी केलंय का असं?

सिन्नरचा वारा

मस्त बेत! गॅसचे शॉकअप बिनधास्त टाका, जमीन-अस्मानाचा फरक पडेल. फक्त उंच कशाला करताय, खाली घ्या. पद्मिनी दोन इंच खाली काय दिसते! माझ्या मित्राने एकेक वेढा कापला कॉइलचा, दहा मिनिटांचं काम.

पाना १४-१५

झुकते म्हणजे किती झुकते? पट्टीने मापलं का डोळ्याने?

मखमलाबादकर

डोळ्याने, काका.

पाना १४-१५

मग आधी माप. सपाट फरशी बघ. चारही टायरांत हवा सारखी. डिकीतलं सामान काढ, स्टेपनी राहू दे. गाडी चार हात पुढे-मागे ढकल म्हणजे चाकं मोकळी बसतील, जॅक लावून उतरवलेली गाडी मापायची नाही. हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांना. मिलिमीटरमध्ये लिही. ठोकळ्यांचं नंतर बोलू.

कसारा घाट

दादा, मी मुंबईत बावीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, आता गावाकडं निफाडला आहे. एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडं टॅक्सी झुकली की पहिला हात मागच्या पाट्याला जायचा, पुढच्या कॉइलला नाही. कॉइल मरायला लई वर्षं लागतात. पाटा कधी मोडतो ते कळतपण नाही, क्लिपच्या (पाटे एकत्र धरणाऱ्या पट्टीच्या) आत मोडतो आणि तसाच बसून राहतो.

ऑक्टोबर २०२३ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. तेव्हापासून जुना माल भंगारात बराच आला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा.

मृण्मयी क

मूळची नाशिकची, सध्या पुण्यात, पोटापाण्याचं काम हेच (सस्पेन्शन). दोन गोष्टी.

सिन्नरचा वारा, वेढा कापला की गाडी नुसती खाली येत नाही, कॉइल कडकही होते. कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. काम करणारे आठ वेढे असतील आणि एक कापला तर कडकपणा आठ भागिले सात, म्हणजे साधारण १४ टक्क्यांनी वाढला. त्यात कापायला गॅसची ज्योत वापरली असेल तर त्या टोकाचं पाणी (पोलादाचा कठीणपणा) उतरतं. मित्राला सांगा, कापलेलं टोक बैठकीत नीट बसतंय का ते बघून घे.

मखमलाबादकर, तुमचे ठोकळे २० मिमीचे, पण गाडी २० मिमी उचलली जाणार नाही. पद्मिनीला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. कॉइल चाकापाशी नसते, आर्मवर आतल्या बाजूला बसते. समजा ती आर्मच्या बरोबर निम्म्यावर असेल तर चाकाशी फरक दुप्पट, ४० मिमी! नेमकं गुणोत्तर आर्म मापल्याशिवाय सांगता येणार नाही. पण एवढं उचललं की आर्म खालच्या बाजूला लोंबतात, चाकाला खाली जायला जागा उरत नाही, कॅम्बर आणि टो (चाकांचे उभे-आडवे कोन) दोन्ही हलतात, ब्रेकचा रबरी होज ताणला जातो. खड्ड्यात चाक खाली गेलं की वरून "ठक" ऐकू येईल. ते ऐकून तुम्ही म्हणाल शॉकअप खराब, आणि परत शॉकअप बदलाल.

गुलमोहर

चहा घेऊन बसले आहे. चालू द्या.

अवांतर: आमच्या आजोबांनी फियाटसाठी नंबर लावला होता. गाडी आली तोवर ज्या मुलाच्या लग्नासाठी घ्यायची होती त्याला दोन मुलं झाली होती.

नियमबाबा

एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून. तुमची गाडी १९७६ची, म्हणजे २०२६मध्ये पन्नाशी. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची दुचाकी-चारचाकी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये "व्हीए" अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरफार केलेले नकोत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. बुश, शॉकअप, पाटा हे झिजणारे भाग, त्याच प्रकारचे बसवले तर कोण काय म्हणणार? कापाकापी, वेल्डिंग मात्र टाळा.

मखमलाबादकर

@नियमबाबा, धन्यवाद. व्हिंटेज नोंदणी केली की रोज चालवता येते का?

नियमबाबा

नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

मखमलाबादकर

मग राहू दे. आईला वणीला नेणं यातल्या कशात बसवू? पाच वर्षांचं नूतनीकरण चालू आहे तेच बरं.

काका, मापं घेतली. पुढे डावी बाजू उजवीपेक्षा १८ मिमी खाली. मागे डावी बाजू २९ मिमी खाली. डोळ्याला पुढचंच जास्त वाटत होतं, कारण मी रोज समोरून बघतो.

पाना १४-१५

शाब्बास. आता जॅक मागे, बरोबर डिफरन्शियलच्या गोळ्याखाली मधोमध. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून बोटभर उचल. पुढच्या चाकांना आधी ओट (दगड किंवा लाकडाचा अडथळा) लाव, गिअरच्या भरवशावर राहू नकोस. गाडीखाली जायचं नाही. मग पुढची दोन मापं परत घे.

मागचा टेकू मधोमध एकच राहिला की मागची वाकडी बाजू पुढच्याला ओढू शकत नाही. पुढची मापं सारखी झाली तर दोष मागे. तशीच वाकडी राहिली तर दोष पुढे.

मखमलाबादकर

केलं. पुढचा फरक १८वरून ४ मिमीवर आला!!

कसारा घाट

बोल्लो होतो ना.

पाना १४-१५

४ मिमी विसरून जा. पन्नास वर्षांच्या पत्र्यात तेवढा असतोच. आता मागचे पाटे दोन्हीकडचे मोज. जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) घे.

मखमलाबादकर

आता ऐका गंमत. उजवीकडे एक पाटा जास्त आहे, आणि तो बाकीच्यांपेक्षा जाड आहे. डावीकडे वरून दुसरा पाटा मोडलेला, क्लिपच्या आत, बरोब्बर कसारा घाट म्हणाले तसा. मोडलेल्या जागी गंज चढलाय, म्हणजे आजचा नाही.

बाबांना विचारलं. ते आधी म्हणाले, "काही नाही, गाडी ओरिजिनल आहे." तासाभराने चहा पिताना आठवलं: कधीतरी धुळ्याहून येताना चांदवडच्या घाटात उजवा पाटा मोडला होता. रात्री ट्रकचे पाटे करणाऱ्याने कुठल्यातरी गाडीचा पाटा कापून आत घातला आणि "घरी जाऊन बदला" म्हणाला. घरी येऊन तीस वर्षं झाली.

गुलमोहर

"घरी जाऊन बदला" 😂 आमच्या घरातला निम्मा संसार याच तत्त्वावर चालू आहे.

सिन्नरचा वारा

म्हणजे उजवी बाजू उचललेली आणि डावी खचलेली? मग डावीकडे पण एक जाड पाटा टाकला की लेव्हल. सोपं.

पाना १४-१५

लेव्हल होईल, गाडी राहणार नाही. मागे बैलगाडी, पुढे मोटार. रिकाम्या गाडीचं मागचं चाक गतिरोधकावर उडेल आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारलास तर मागची बाजू आधी सुटेल.

जादा पाटा काढायचा, मोडलेला बदलायचा. दोन्हीकडचे पूर्ण सुटे करून घास, एकेक पाटा नीट बघ, कडेला केसासारखी चीर असते. कमान कमी झाली असेल तर पाटेवाला थंडच ठोकून आणेल. गॅसने लाल करून वाकवू लागला तर पाटे उचलून घरी ये. स्प्रिंगचं पोलाद असं तापवलं की त्याला पुन्हा पाणी द्यावं लागतं, आणि तिथे भट्टी नसते, बादली असते. सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्ट नवे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरायचे नाहीत. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात बसलंय का ते बोटाने चाचपून मगच यू-बोल्ट आवळ. नाही बसलं तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

मखमलाबादकर

समजलं. आता बुश आणि शॉकअपचं बोला. लाल बुश आलेत, शॉकअप अजून घेतले नाहीत. कस्टम ड्यूटीचं नाव काढू नका.

मृण्मयी क

लाल बुशांसाठी व्हर्नियर काढा. तीन मापं हवीत: बाहेरचा व्यास, आतल्या लोखंडी नळीचा व्यास, नळीची लांबी. नळी बुशपेक्षा किंचित लांब असली पाहिजे, म्हणजे बोल्ट आवळल्यावर नळी गच्च धरली जाते आणि आर्म बुशावर मोकळा फिरतो. नळी आखूड असेल तर बोल्ट बुशालाच आवळतो, आर्म जाम.

"फियाट ११००" एवढं लिहिलेलं पुरेसं नाही. इटलीत ११०० नावाच्या गाड्या १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षं वेगवेगळ्या रूपात निघाल्या. आपल्याकडे कुर्ल्याला १९६४पासून ११०० डी बनली, १९७२ला तिचं नाव प्रेसिडेंट झालं, १९७४ला पद्मिनी. जाहिरातीतली गाडी कुठली ते विक्रेत्यालाही माहीत असेलच असं नाही.

आणि एक वैयक्तिक मत, वाद घालायला हरकत नाही: घरच्या गाडीला रबरच बरं. पॉलियुरेथेन कडक असतं, चाकाला बसलेला प्रत्येक दाणा स्टिअरिंगवर येतो, सिलिकॉन ग्रीस संपलं की कुईकुई सुरू. पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) तर मी ते घालणारच नाही. गाडी वळणावर कलते तेव्हा पाटा थोडा पिळला जातो, रबर ते सोसतं, कडक बुश सोसत नाही, मग तो पीळ पाट्यावर आणि हँगरवर जातो.

सिन्नरचा वारा

ताई, रेसिंगमध्ये सगळे पॉलीच वापरतात की.

मृण्मयी क

रेसिंगवाले दर शर्यतीनंतर गाडी उघडतात. मखमलाबादकरांच्या गाडीचा जादा पाटा तीस वर्षांनी सापडला.

सिन्नरचा वारा

हा हा, मान्य.

मखमलाबादकर

मापलं. बाहेरचा व्यास मिलिमीटरभर मोठा. लेथवाला म्हणाला, "कातून देतो." म्हटलं राहू दे. रबराचे बुश मुंबईहून ऑपेरा हाऊसच्या दुकानातून मागवले, आज कुरिअरने आले. शॉकअपसाठी एका दुकानात दुसऱ्या गाडीचे गॅसचे दाखवले, "यालाच बसतात, सगळे टाकतात" म्हणाला.

पाना १४-१५

डब्यावरचं गाडीचं नाव वाचू नकोस, लांबी वाच. पूर्ण मिटलेली किती, पूर्ण उघडलेली किती. मग गाडीवर चाक बंप रबरला (चाक फार वर जाऊ नये म्हणून लावलेल्या रबराला) टेकेपर्यंत वर उचलून दोन बोल्टांमधलं अंतर घे, चाक लोंबकळत ठेवून परत घे. शॉकअप मिटलेला असताना गाडीतल्या सर्वांत कमी अंतरापेक्षा आखूड असलाच पाहिजे, नाहीतर बंप रबरचं काम शॉकअप करतो आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात दांडा वाकतो किंवा वरची बैठक फाटते. उघडलेला असताना जास्तीत जास्त अंतरापेक्षा लांब हवा, नाहीतर चाक त्याच्यावर लटकतं.

आणि शॉकअप गाडी उचलत नाही रे बाबांनो. वजन कॉइल आणि पाटा पेलतात. शॉकअप फक्त उड्या थांबवतो. गॅसचा असला तर दाबामुळे थोडासा ढकलतो, पण त्याच्या जिवावर खचलेली गाडी उभी राहत नाही.

मखमलाबादकर

दुकानातच मापले. मिटलेली लांबी १२ मिमी जास्त. ठेवून आलो. पद्मिनीसाठीचे साधे तेलाचे घेतले. गंमत म्हणजे शॉकअप बनवणारा कारखाना आपल्याच अंबडला आहे, आणि मी महिनाभर परदेशी साइट धुंडाळत होतो.

पाना १४-१५

बसवायच्या आधी उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाब-सोड कर. दुकानात आडवे पडलेले असतात, आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तशीच बसवलीस तर पहिले दोन दिवस लुळे वाटतात आणि लोक परत करायला जातात.

कसारा घाट

किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) बघितली का कोणी? सगळे नवं नवं टाकतात आणि किंगपिन तशीच. चाक हवेत उचला, वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर आत एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन. आम्ही दर पंधरवड्याला ग्रीस मारायचो. जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

मखमलाबादकर

उजवीकडे राहिली. किंगपिनचा सेट पण आला खर्चात. कॉइल कशी काढतात ते मात्र कुणी इथे लिहू नका, मी करणार नाहीये. गॅरेजवाला म्हणतो, दाबलेली कॉइल सुटली तर छपरातून जाते.

पाना १४-१५

बरोबर म्हणतो.

मखमलाबादकर (तीन आठवड्यांनी)

काम झालं होतं. "होतं" म्हणतोय, कारण पुढे वाचा.

गाडी गॅरेजमधून आली ती सरळ उभी, आणि पुढे आधीपेक्षा १५ मिमी उंच! ठोकळे न घालता! मी खूश, बाबा खूश. फक्त जरा कडक वाटत होती. मेकॅनिक म्हणाला, नवं आहे, बसेल. दोन आठवड्यांत पुढून चर्रर्र आवाज सुरू झाला. काल वाकून बघितलं तर डाव्या खालच्या आर्मच्या नव्या बुशाचं रबर नळीपासून सुटलंय. दोन आठवड्यांत! माल नकली का?

मृण्मयी क

आर्मचे बोल्ट आवळले तेव्हा चाकं कुठे होती?

मखमलाबादकर

गाडी स्टँडवर होती. चाकं काढलेली. आर्म खाली लोंबत होते. का?

मृण्मयी क

मालाची चूक नाही. या बुशात काही घसरत नाही. आतली नळी बोल्टने गच्च धरलेली, बाहेरची कड आर्मला घट्ट, आणि मधलं रबर स्वतः पिळवटून आर्मला हलू देतं. आर्म लोंबत असताना बोल्ट आवळला म्हणजे रबराची "सरळ" स्थिती तीच ठरली. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं. ते परत सरळ व्हायला बघतं, म्हणून गाडी वर ढकलली जाते. तुमचे १५ मिमी तिथून आले. प्रत्येक खड्ड्यात आधीच पिळलेलं रबर आणखी पिळलं, दोन आठवड्यांत फाटलं.

फाटलेला बुश बदला. बाकीचे सगळे बोल्ट नुसते बोटाने लावून गाडी चाकांवर उतरवा, पुढे चार-पाच वेळा दाबून हलवा, थोडी पुढे-मागे ढकला, आणि वजन चाकांवर असतानाच पूर्ण आवळा. पिटवर किंवा रॅम्पवर करा. मागच्या पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्टही तसेच.

पाना १४-१५

ही माझी चूक. हे आधी सांगायला हवं होतं. आमच्या काळी कुणी सांगायचं नाही, हात धरून करून घ्यायचे, त्यामुळे लिहायचं सुचलंच नाही.

सिन्नरचा वारा

थांबा, माझ्या गाडीचे बुश पण स्टँडवरच आवळलेत 😐

कसारा घाट

आमचा मिस्त्री पिटात उतरून आवळायचा. आम्हाला वाटायचं आळशी आहे, चाकं काढायचा कंटाळा.

मखमलाबादकर (नवरात्रातली पंचमी)

वणीला जाऊन आलो. बाबा पुढे, आई आणि मावशी मागे, डिकीत डबे आणि ओटीचं सामान. नांदुरीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. उतरताना वळणावर मागची बाजू पूर्वी जी अर्धी वीत उशिरा यायची ती आता बरोबरच येते, हे सांगून कळणार नाही. बाबा घाटभर गप्प होते. खाली आल्यावर म्हणाले, "स्टिअरिंग मला दे," आणि दिंडोरीपर्यंत त्यांनीच आणली.

आजची मापं: पुढचा फरक ३ मिमी, मागचा ५. उंची आता पूर्वीच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या मधोमध कुठेतरी आहे. गंगापूर रोडचे गतिरोधक चौघांनिशी पार, एक सोडून. तो एक कुठला हे नाशिककरांना सांगायला नको. अलाइनमेंट करून घेतली, रेडियल टायरचा विचार पुढच्या वर्षी. खर्च बेताच्या आत राहिला. लाल बुश आणि ठोकळे मात्र अंगावर पडले. कुणाला हवेत का? ठोकळे लेथवाला परत घेत नाही.

गुलमोहर

एक ठोकळा मला. दाराला लावायला.

पाना १४-१५

यू-बोल्ट परत आवळलेस का? नवे पाटे बसले की ते सैल होतात.

मखमलाबादकर

नाही काका. उद्या सकाळी पहिलं तेच.

पाना १४-१५

उद्या नको, आज.